पेरणीच्या आधी रेस वायर आणि स्प्रिंग बघून घ्या

रोहिणी लागल्या की सगळ्यांची पळापळ सुरू होते, बी, खत, पास-रोटाव्हेटरची पाती, पण वीडर-ट्रॅक्टरच्या रेस वायरकडे, म्हणजे इंजिनची रेस कमी-जास्त करणाऱ्या केबलकडे, कोणी बघत नाही. वायर तुटेपर्यंत ती आहे हे पण आठवत नाही. मागच्या खरिपात सोयाबीनमध्ये कोळपणीला वीडर चालवत होतो, बांधाला वळताना रेस सोडली तर इंजिन तसंच बोंबलतंय. क्लच सोडला म्हणून पाती थांबली, मग स्विच बंद केला. नंतर खोलून बघितलं तर आतल्या तारेचे दोन-तीन पदर तुटून कव्हरच्या तोंडाशी गोळा झाले होते, एक माझ्याच बोटात घुसला. स्प्रिंग चांगली होती बिचारी, पण ती ओढणार किती.

रेस वाढवायचं काम तार करते आणि कमी करायचं काम स्प्रिंग. आपण रेस वाढते का तेवढंच बघतो, खाली येते का ते बघत नाही, आणि घात तिथंच होतो. म्हणून इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळा आणि एकदम सोडा, खटकन मागे यायला पाहिजे. हळूहळू सरकत आली तर कार्बोरेटरकडून केबलच्या टोकाची गोळी काढा आणि तिथला लिव्हर नुसत्या बोटानं हलवून सोडा. आता खटकन आला तर दोष केबलमध्ये, नाही आला तर स्प्रिंग ढिली झालीय नाहीतर लिव्हरच्या पिनवर माती बसलीय.

केबल गंजते ती वरच्या टोकातून पाणी शिरून, आणि ते पाणी खालच्या वाकणात साचून राहतं. तार शाबूत असेल तर वरचं टोक मोकळं करा, जनावरांच्या इंजेक्शनची जुनी सिरिंज घ्या (सुई काढून), पातळ मशीन ऑइल थेंब थेंब सोडत तार वरखाली करा, खालून काळं पाणी येतं ते स्वच्छ तेल येईपर्यंत. ग्रीस भरू नका, माती धरून बसतं. पण एक जरी पदर तुटलेला दिसला तर तेल वाया घालवू नका, केबल बदला. दुकानात जुनी केबल सोबत न्या, कव्हरची लांबी आणि बाहेर निघालेली तार दोन्ही जुळायला लागतात. नवी बसवताना सायलेन्सरपासून लांब ठेवा, कव्हर वितळलं की तार आतच चिकटते.

रेस पूर्ण सोडल्यावर तारेला थोडासा ढिलेपणा हवा. एकदम ताणून बसवली तर इंजिन आयडलिंगला (कमीत कमी रेसला) येतच नाही, हँडल वळवलं की आपोआप रेस चढते. जास्त ढिली ठेवली तर फुल रेस मिळत नाही आणि आपण म्हणतो इंजिनमध्ये दम राहिला नाही, मग फिल्टर बदल, नोझल बदल.

स्प्रिंगच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली मी चार-पाच मशीनवर बघितलीय. इंजिनच्या गरमीनं ती लांबते आणि ऐन कामात तुटते. ओढून लांब झालेली स्प्रिंग कडी कापून परत लावणं पण तसलंच. पन्नास ठिकाणी जुगाड चालतो, इथं नको.

ट्रॅक्टरला जरा वेगळं आहे. हाताचा लिव्हर जिथं ठेवला तिथंच राहायला पाहिजे, तो मागे येत नाही म्हणून घाबरू नका, पण पायाचा पेडल यायलाच पाहिजे. चिखलणी करून आल्यावर पेडलखाली गाळ वाळून दगड होतो, त्याच संध्याकाळी धुवा. डिझेल पंपावरचे सील केलेले स्क्रू मात्र फिरवू नका. आणि बऱ्याच जुन्या डिझेल ट्रॅक्टरला चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, स्टॉपचा नॉब ओढावा लागतो, तीपण केबलच आहे. रेस अडकली तर क्लच दाबून तोच ओढायचा असतो, त्यामुळे तो गंजलाय का हे आजच ओढून बघा.