दहाव्याच्या घाटावरचा मित्र: पहिल्या प्रेमाची आणि शोकाची कादंबरी कशी लिहावी

दोन तरुणांचे पहिले प्रेम आणि त्यांपैकी एकाचा अकाली मृत्यू, अशी कादंबरी पुण्यात घडवायची असेल, तर लिहायला बसण्यापूर्वी कथेचे साल नक्की करावे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 पासून दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 रोजी दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 रोजी काढून घेतला आणि प्रौढांचे संमतीचे संबंध त्या कलमाच्या कचाट्यातून सुटले ते 6 सप्टेंबर 2018 रोजी. तेव्हा 2014 मधल्या नायकाचे भय 2019 मधल्या नायकाला जसेच्या तसे देता येत नाही. निकालपत्रे मात्र पात्रांच्या तोंडी घालू नयेत. आलेला मेसेज तो वाचताक्षणी पुसून टाकतो, एवढे पुरते.

निवेदकाचे लिंग लपवून शेवटी धक्का देण्याची युक्ती मराठीत साधणे कठीण, कारण 'मी गेलो' म्हणताच गुपित फुटते. म्हणून ते पहिल्याच वाक्यात फुटू द्यावे. 'प्रेम' हा शब्दही जपून वापरावा. वीस वर्षांची मुले 'पोचलास की फोन कर' एवढेच म्हणतात.

खरा कस लागतो तो शोकाच्या प्रकरणात. घरच्यांना सुतक असते, नायकाला नसते. त्याला तिसऱ्या दिवशी परीक्षेला बसावे लागते. त्याचे दुःख विशेषणांनी सांगण्यापेक्षा तो कुठे उभा आहे, हे दाखवावे. दहाव्याला ओंकारेश्वरापाशी नदीकाठी पिंड ठेवला आहे आणि कावळा शिवत नाही. वडील हात जोडून 'तुझी गाडी विकणार नाही' म्हणतात, मामा 'ताईचे शिक्षण अडू देणार नाही' म्हणतो, तरी कावळे भिंतीवरून हलत नाहीत. चपलांच्या ढिगापाशी, कॉलेजच्या मुलांत नायक उभा आहे आणि गेलेल्याची कोणती इच्छा राहिली, हे त्या घोळक्यात केवळ त्यालाच ठाऊक आहे.

इथे त्याला पुढे आणून काहीतरी पुटपुटायला लावावे आणि लगेच कावळा शिववावा, असा मोह होतो. (माझ्या एका खर्ड्यात मी नेमके हेच केले होते, ते प्रकरण फाडावे लागले.) त्याला चपलांपाशीच राहू द्यावे. तासाभराने गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतील, माणसे पांगतील आणि वडील विचारतील, 'तू त्याचा मित्र ना? तेराव्याला जेवायला ये.' त्यावर नायकाच्या तोंडी 'हो, काका' याखेरीज काहीही घालू नये.