मलूल पालेभाजी टवटवीत आणि कोशिंबीर करकरीत ठेवण्यासाठी

ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईतून भर दुपारी घरी आणलेली कोथिंबीर मान टाकते, कारण पानांतील पाणी उडून जाते आणि पेशींना ताठ ठेवणारा आतला दाब उतरतो. अशा वेळी जुडी सोडून, देठांची टोके किंचित कापून ती थंड, साध्या पाण्यात 15 ते 30 मिनिटे बुडवून ठेवावी. पेशीरसात क्षार व शर्करा विरघळलेल्या असल्याने परासरणाने, म्हणजे पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाणी सरकण्याच्या क्रियेने, पाणी पेशीपटलातून (पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातून) आत शिरते, पेशी फुगतात आणि पाने पुन्हा ताठ होतात. या पाण्यात मीठ मुळीच घालू नये. कुजकी पाने आधीच निवडून टाकावीत, कारण त्यांची पेशीपटले फाटलेली असल्याने ती काही केल्या सावरत नाहीत.

कोशिंबिरीत नेमके उलट घडते: बाहेरचे मीठ पेशींतील पाणी बाहेर ओढते. चोचवलेल्या काकडीवर मीठ भुरभुरताच फोडींवर बारीक थेंब जमू लागतात आणि थोड्याच वेळात भांड्याच्या तळाशी पाणी साचते. दाण्याचे कूट ते पाणी शोषून घेते खरे, पण फोडींचा गेलेला करकरीतपणा परत आणत नाही; म्हणून मीठ अगदी वाढतानाच घालावे. काकडी पिळूनच वापरायची असेल, जसे थालीपिठात, तेव्हा मात्र मीठ आधी लावणेच सोयीचे.