घरातल्या सगळ्यांचे दात: आधी कुठे बघायचं, पैसे कुठे घालायचे

पोरगं सहा वर्षांचं झालं की त्याला आ करायला लावा आणि मोबाईलचा टॉर्च मारून पार मागे बघा, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवीन दाढ वर येताना दिसेल. ही कायमची दाढ. पण तिच्यासाठी कुठला दात पडलेला नसतो, म्हणून लोकांना वाटतं दुधाचीच आहे, किडली तर किडली, पडेल आणि नवीन येईल. नाही येत बाबा! वर दोन, खाली दोन अशा चार येतात, आणि त्यांच्यावर इतक्या बारीक खाचा असतात की ब्रशचे केस आत जातच नाहीत, बिस्किटाचा चिकटा तिथेच बसतो. दाढ नीट वर आली की डेंटिस्टला सांगून सीलंट लावून घ्या, खाचा बुजवून टाकतात, इंजेक्शन लागत नाही. खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर माझ्या मते हाच.

सकाळचा ब्रश सगळेच करतात, खरा घोळ रात्रीचा. झोपेत लाळ कमी होते, मग किडीचं फावतं. पेस्ट फ्लोराइडची घ्या, ट्यूबवर १००० पीपीएम किंवा जास्त लिहिलंय का बघा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि घासून झाल्यावर नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ भरली की फ्लोराइड वाहून जातं. आपल्याकडे डब्यात मनुका द्यायची सवय असते, द्या ना, पण जेवणासोबत, कारण त्या दाताला चिकटून बसतात. आंबट द्राक्षं खाल्ली तर ब्रश अर्ध्या तासाने.

आजी मिश्री लावत असेल तर ती सोडवा, तंबाखूच आहे ती. स्केलिंगने, म्हणजे दातांवर साचलेला कडक थर (लोक त्याला दगड म्हणतात) काढल्याने, दात हलायला लागतात हे खोटं, हिरडी आधीच खराब झालेली असते, फक्त दगड निघाल्यावर ते जाणवतं. शुगरवाल्यांनी तर हिरड्या तपासून घ्यायलाच पाहिजेत.

थंड लागून लगेच थांबतंय तर बऱ्याचदा फिलिंगवर भागतं. गरमाने ठणका लागतो, रात्री झोप येत नाही, मग बहुतेक रूट कॅनल. त्यानंतर दाढेला कॅप टाळू नका, नाहीतर दाढ तुटते आणि रूट कॅनलचे पैसेही वाया. दुखतंय म्हणून गोळी हिरडीवर दाबून ठेवायची नाही, हिरडी भाजते. बजेट कमी असेल तर आपल्या नाशिकला पंचवटीत के.बी.एच. डेंटल कॉलेज आहे, डेंटल कॉलेजात विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जरा हातात ठेवून जा.

गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेट खेळताना पोराचा कायमचा दात मुळासकट पडला तर मुळाला हात लावू नका, वरच्या पांढऱ्या भागाला धरा, माती असेल तर पटकन धुवा आणि जागेवर बसवा, जमलं नाही तर दुधात टाकून अर्ध्या तासात डेंटिस्ट गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

राहिलं लग्नाआधीचं व्हाइटनिंग. ते अठरानंतरच बरं. कॅप किंवा फिलिंगचा रंग त्याने बदलत नाही, म्हणून आधी व्हाइटनिंग, मग पुढच्या दाताची कॅप त्या शेडला मॅच करून. काही दिवस दात शिवशिवतात, तेव्हा हळदीच्या आदल्या दिवशी नको, महिनाभर आधी उरकून घ्या.