कंबर पहाटे धरते आणि रिपोर्ट नॉर्मल? पाठीच्या दाहक संधिवातात या चुका टाळा

कंबरदुखी घेऊन तरुण माणूस दवाखान्यात गेला की पहिला प्रश्न येतो, "किती दिवस दुखतंय?" दुसरा येतो, "जड काही उचललं होतं का?" दिवसात नेमकं कधी दुखतं, हे विचारायचं मात्र राहूनच जातं, आणि पाठीच्या दाहक संधिवातात, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना आतून सूज आणणाऱ्या आजारात, सगळी मेख तिथेच असते. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस हे त्याचं ओळखीचं नाव. एक्स-रेत अजून काहीच न दिसणारे सुरुवातीचे रुग्ण धरून या साऱ्या गटाला आता ॲक्सियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस म्हणतात. पहिलं दुखणं आणि पक्कं निदान यांच्यात जगभरात सरासरी सहा-सात वर्षं जातात. याचं मोठं कारण म्हणजे साध्या कंबरदुखीचे नियम या आजाराला लावले जातात, आणि तो त्या नियमांच्या नेमका उलट चालतो.

"आराम करून बघा"

साधी कंबर कामाने दुखते आणि आडवं झालं की उतरते. दाहाची कंबर आडवं झाल्यावरच धरते. रात्रीच्या उत्तरार्धात जाग येते. कूस बदलायची तर आधी हातावर भार देऊन अंग उचलावं लागतं. शेवटी माणूस उठून घरातल्या घरात फेऱ्या मारतो, तेव्हा कुठे जरा सुटल्यासारखं वाटतं. सकाळी अर्धा तास, कधी दोन-दोन तास पाठ ताठलेली असते. कामाला लागलं की दुपारपर्यंत तोच माणूस बऱ्यापैकी मोकळा होतो, म्हणून आजूबाजूच्यांना त्याचं दुखणं खोटं वाटतं. लांबचा प्रवास आणि लोळत काढलेली सुट्टी मात्र हमखास महागात पडते.

सुरुवात बहुतेकदा ४५ वर्षांच्या आत होते, आणि इतकी हळू की तारीख सांगता येत नाही. दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकतं. कधी डाव्या, कधी उजव्या कुल्ल्यात कळ येते, आणि तिच्यावर सायटिकाचं लेबल लागतं. सायटिका सहसा एकाच पायात गुडघ्याखाली उतरते, मुंग्या आणते. हे दुखणं बाजू बदलतं आणि बहुतेकदा गुडघ्याच्या वरच थांबतं. अशा माणसाला पलंगावर झोपवून ठेवणं, पट्टा बांधणं, ट्रॅक्शन लावणं म्हणजे आजाराला हातभार लावण्यासारखं आहे.

एमआरआय काढला, पण दुसऱ्याच जागेचा

माझ्या मते निदानातली सगळ्यात महागडी चूक हीच. हा आजार बहुतेकदा सॅक्रोइलियाक सांध्यांत सुरू होतो. पाठीच्या तळाशी ज्या दोन खळ्या दिसतात, त्यांच्या आत हे सांधे असतात. पण कंबरदुखी म्हटलं की चिठ्ठीवर लम्बर स्पाइनचा एमआरआय लिहिला जातो, आणि त्यात हे सांधे नीट येतच नाहीत. वर रिपोर्टमध्ये एल४-एल५ या कंबरेच्या मणक्यांमध्ये डिस्क बल्ज (गादी थोडी बाहेर फुगलेली) असतो. त्यात विशेष काही नाही. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी साधारण ३० टक्क्यांच्या एमआरआयमध्ये तो सापडतो. पण एकदा कागदावर आला की "गादी सरकलीय", "मणक्यात गॅप आहे" हे निदान चिकटतं आणि पुढची कित्येक वर्षं त्याच्याच मागे जातात. रिपोर्टमध्ये स्पॉन्डिलोसिस लिहिलं असेल तर ती झीज झाली. तिचा या आजाराशी संबंध नाही.

चिठ्ठीवर हवं ते असं: सॅक्रोइलियाक सांध्यांचा एमआरआय, स्टर सिक्वेन्ससह, दाहक सांधेविकाराची शंका. स्टर म्हणजे हाडातली सूज उठून दिसणारी एमआरआयची पद्धत. चिठ्ठीतले शेवटचे तीन शब्द गाळू नयेत. आपण काय शोधतोय हे रेडिऑलॉजिस्टला माहीत असेल तरच तो हाडाच्या कडेची सूज बारकाईने बघतो. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन बहुतेकदा लागत नाही.

नुसत्या एक्स-रेवर थांबणं ही याचीच जुळी चूक. एक्स-रेत सांध्याची झालेली हानी दिसते, चालू असलेला दाह दिसत नाही, आणि हानी दिसायला काही वर्षं जावी लागतात. या आजाराचे १९८४ चे न्यूयॉर्क निकष एक्स-रेवर उभे होते. २००९ मध्ये आसास या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने एमआरआयला जागा दिली, तेव्हा लवकर निदानाची वाट मोकळी झाली. मात्र दोन्ही निकष संशोधनासाठी रुग्णांची वर्गवारी करायला बनवलेत. रकान्यांत खुणा करत बसलं आणि बेरीज जमली की आजार ठरला, असं होत नाही.

उलट्या बाजूचाही घोटाळा होतो. सॅक्रोइलियाक सांध्यांजवळ थोडी सूज धावपटूंमध्ये दिसते, बाळंतपणानंतर काही महिने दिसते. लक्षणं जुळत नसतील तर एवढ्यावर कुणाला आयुष्यभराचा आजार चिकटवू नये. आणि एकाच बाजूचा सांधा सुजलाय, ताप आहे, वजन उतरतंय, तर आधी टीबी आणि इतर जंतुसंसर्ग तपासायचा. तिथे दाहक संधिवाताची औषधं घाईने सुरू झाली तर अनर्थ होतो.

रक्ताच्या रिपोर्टवर सगळा भार

एचएलए-बी२७ या जनुकाचा आणि या आजाराचा संबंध १९७३ मध्ये उघड झाला, आणि तेव्हापासून या एका तपासणीचा अर्थ दोन्हीकडून चुकतोय. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसच्या दहापैकी आठ-नऊ रुग्णांत हा जनुक असतो हे खरं. पण हा जनुक असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही. म्हणजे पॉझिटिव्ह आला म्हणून आजार आहेच असं नाही, निगेटिव्ह आला म्हणून सुटका झाली असंही नाही. कंबर न दुखणाऱ्या भावंडांची आणि मुलांची "एकदा करून घेऊ" म्हणून ही तपासणी करण्यातून काळजीखेरीज फारसं काही हाती लागत नाही.

आरए फॅक्टर निगेटिव्ह म्हणून "संधिवात नाही" असं सांगितलं जातं, ते तर साफ चूक. तो फॅक्टर आमवातासाठी (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असतो. या आजारात तो निगेटिव्हच अपेक्षित आहे. ईएसआर आणि सीआरपी हे रक्तातले दाहाचे आकडे वाढलेले असले तर मदत होते, पण दाह चालू असूनही ते नॉर्मल असलेले रुग्ण कमी नाहीत.

पाठीबाहेरच्या खुणा वेगवेगळ्या फायलींत

डोळा, टाच, त्वचा आणि आतडं. डॉक्टर चार, फायली चार, आणि एकमेकांशी कुणाचं बोलणं नाही. टाचेच्या मागे, स्नायुबंध हाडाला चिकटतो तिथे सकाळी येणारी कळ, सोरायसिसचे चट्टे, महिनोन्‌महिने चालणारे जुलाब किंवा शौचातून रक्त. कंबर दाखवायला गेल्यावर हे न विचारताच सांगावं.

डोळ्याचं वेगळं सांगायला हवं. दर चार रुग्णांतल्या साधारण एकाला कधी ना कधी युव्हायटिस (डोळ्याच्या आतला दाह) होतो. एक डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतं. डोळे आले समजून दुकानातून अँटिबायोटिक थेंब आणून दोन-चार दिवस घालवणं ही नेहमीची चूक. बाहुली आत चिकटू शकते, पुढे मोतीबिंदू आणि काचबिंदूही होऊ शकतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि पाठीचा त्रास असल्याचं आवर्जून सांगा.

हा पुरुषांचाच आजार, हा समज पुस्तकांनीच पसरवला. एक्स-रेत बदल न दिसणाऱ्या गटात स्त्रिया जवळपास बरोबरीने आहेत. त्यांचं निदान जास्त उशिरा होतं, कारण अंगभर दुखतं म्हटलं की फायब्रोमायल्जिया, थकवा, ताण असं काहीतरी लिहून विषय मिटतो.

पेनकिलर: अर्धी मात्रा, अर्धे दिवस

"पेनकिलर वाईट, फार झालं तरच घ्या" हा सल्ला बाकी ठिकाणी शहाणपणाचा. इथे नॅप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब, इंडोमेथासिन यांसारखी दाहशामक औषधं ही पहिल्या पायरीची खरी उपचारपद्धती आहे. दुखलं की अर्धी गोळी, उतरलं की बंद, अशाने औषध लागू पडतं की नाही हेच कळत नाही. डॉक्टरांनी ठरवलेली पूर्ण मात्रा, रोज, दोन ते चार आठवडे. एकाने भागलं नाही तर दुसरं. अशी निदान दोन औषधं नीट वापरून झाल्याशिवाय "गोळ्यांनी काही झालं नाही" हे वाक्य फायलीत येऊ नये. दोन दाहशामकं एकाच वेळी मात्र कधीच नाहीत. जठराचा व्रण, किडनीचा आजार, रक्तदाब, हृदयविकार यांपैकी काही असेल तर ते आधी सांगायचं, आणि चालू असताना क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) व रक्तदाब तपासत राहायचं.

मेथोट्रेक्सेट आणि सल्फासॅलझिन यांच्याबद्दल गैरसमज डॉक्टरांमध्येही आढळतो. आमवातात मेथोट्रेक्सेट उपयोगी, म्हणून इथेही देऊन बघतात. पाठीच्या दाहावर या दोन्हींचा उपयोग होत नाही. गुडघा, घोटा सुजला असेल तर सल्फासॅलझिनला जागा आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या लांबवर चालवणं हे तर दुहेरी नुकसान, कारण या आजारात हाडं आधीच ठिसूळ होतात. हाडांची घनता मोजतानाही एक खाच आहे. जुन्या रुग्णाच्या मणक्यांभोवती नवं हाड वाढलेलं असतं, त्यामुळे डेक्सा स्कॅनमध्ये पाठीचा आकडा फसवा चांगला येतो. खुब्याचा आकडा बघावा.

बायोलॉजिक: घाईने सुरू, घाईने बंद

दाहशामकांनी भागलं नाही की बायोलॉजिक औषधं, म्हणजे दाह पेटवणाऱ्या प्रथिनांना रोखणारी टीएनएफ-विरोधी किंवा आयएल-१७-विरोधी इंजेक्शनं येतात. पेशींमधला दाहाचा संदेश रोखणाऱ्या जॅक-विरोधी गोळ्यांचाही पर्याय आहे. इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे, मॅन्टू किंवा इग्रा (दोन्ही सुप्त टीबीच्या चाचण्या) आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे. सुप्त टीबी निघाला तर त्याचं प्रतिबंधक औषध आधी सुरू होतं, इंजेक्शन साधारण महिन्याभराने. हा महिना वाया जातोय म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका.

औषध निवडताना डोळा आणि आतडं पुन्हा पुढे येतात. वारंवार युव्हायटिस होणाऱ्याला अडालिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब बरं. इटानरसेप्ट कंबरेला चालतं, पण डोळ्याला आणि आतड्याच्या दाहाला पुरत नाही. क्रोन्स (आतड्याचा दाहक आजार) असलेल्याला सेक्युकिनुमॅबसारखं आयएल-१७-विरोधी औषध टाळतात, त्याने आतडं बिघडू शकतं.

परिणाम जोखायला १२ आठवडे तरी द्यावे लागतात. तेवढ्यानेही फरक नसेल तर लगेच औषध बदलण्याआधी क्रमाने बघावं. डोस चुकले का? इंजेक्शन योग्य तापमानात ठेवलं होतं का? आत्ताचं दुखणं दाहाचंच आहे, की झिजेचं, स्नायूंचं, झोपमोडीचं? आणि शेवटचा, कुणालाच न आवडणारा प्रश्न: मुळात निदान बरोबर होतं का?

बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करणं ही दुसऱ्या टोकाची चूक. बहुतेकांचा आजार काही महिन्यांत परत उसळतो. स्थिर असलेल्या रुग्णाची मात्रा कमी करता येते किंवा दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवता येतं, पण ते संधिवाततज्ज्ञाने ठरवायचं. जिवंत विषाणूची लस या काळात विचारल्याशिवाय नको.

व्यायाम सोडणं, आणि मोजण्यातली लबाडी

इंजेक्शनं सुरू झाली म्हणून व्यायाम सुटला असं फार दिसतं. पाठ मागे वाकवण्याचे, छाती फुलवण्याचे, मान फिरवण्याचे व्यायाम रोज हवेत. पोहणं उत्तम. जाड उशी नको, थोडा वेळ पालथं झोपावं. सिगारेट असेल तर ती सोडणं हा उपचाराचाच भाग, कारण धूम्रपान करणाऱ्यांच्या मणक्यांत हाडाचे पूल लवकर बांधले जातात.

प्रगती मोजायला टेप पुरते. ताठ उभं राहायचं. दुसऱ्या कुणीतरी पाठीच्या दोन खळ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या १० सेंटिमीटर वर आणि ५ सेंटिमीटर खाली पेनाने खूण करायची. गुडघे न वाकवता पुढे झुकल्यावर हे १५ सेंटिमीटरचं अंतर निरोगी तरुण पाठीत २० च्या पुढे जातं. मग भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून डोक्याचा मागचा भाग भिंतीला लागतो का ते बघायचं. इथे सगळेच नकळत लबाडी करतात. हनुवटी वर उचलली की डोकं टेकतं. हनुवटी समोर सरळ ठेवूनच मोजा. वेळही दर वेळी तीच ठेवा, सकाळच्या आणि संध्याकाळच्या मापांची तुलना निरर्थक असते.

पडल्यावर "मुका मार" समजणं

वर्षानुवर्षं आजार असलेली, मणके एकमेकांना जुळून कडक झालेली पाठ किंवा मान साध्या पडण्यानेही मोडू शकते. नेहमीपेक्षा वेगळी, अचानक सुरू झालेली कळ ही फ्रॅक्चर नाही हे सिद्ध होईपर्यंत फ्रॅक्चरच समजायची. साध्या एक्स-रेत ते निसटतं, सीटी स्कॅन लागतो. अशा पाठीला झटके देऊन हाडं बसवून घेणं कुणाकडूनही नको. रुग्णाला हलवताना त्याची मान ज्या बाकात नेहमी असते त्याच बाकात आधार देऊन ठेवायची. कॉलर बसवण्यासाठी ती सरळ करायला जाऊ नये. हातापायांत बधिरपणा, अशक्तपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं यांपैकी काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच वेळी मोठं रुग्णालय गाठायचं. आपत्कालीन विभागात पहिलं वाक्य हेच असू द्या: "यांना अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस आहे."