राणी बदलताना आणि वसाहत वाढवताना या चुका टाळा

पेटी उघडली, राणी दिसली नाही, की अनेक नवे मधपाळ घाईने दुसरी राणी आणतात. जुनी राणी आत असेल, तर नवीचा जीव जातो. एवढ्या माशांत राणी नजरेतून सुटतेच, म्हणून राणीऐवजी अंडी शोधा. ऊन पाठीशी घेऊन पोळ्याची चौकट तिरकी धरा, म्हणजे पोळ्यातल्या घरांचे तळ उजळतात. तिथे मधोमध एकेक बारीक पांढरं अंडं दिसलं, तर तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी नक्की होती.

अंडी नसली तरी थांबा. कोषातून निघालेल्या राणीचं मीलन होऊन ती अंडी घालू लागेपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात. या दिवसांत पेटी वरचेवर उघडू नका. शंका फिटत नसेल, तर दुसऱ्या पेटीतली अंडी व कोवळ्या अळ्यांची चौकट द्या. तीन-चार दिवसांत माशांनी राणीघरं (नवी राणी वाढवायची मोठी घरं) बांधायला घेतली, तर राणी नाही असं समजा. नवी राणी देण्याआधी ही राणीघरं मोडायला विसरू नका.

नवी राणी जाळीच्या छोट्या पिंजऱ्यातून पेटीत देतात; तिला सोडायचीही घाई नको. माशा जाळीला घट्ट चिकटून चावत असतील, बोटाने सारूनही हटत नसतील, तर तिला आतच राहू द्या. सहज बाजूला होऊन जाळीतून भरवू लागल्या, की सोडा.

एका घरात अनेक अंडी, तीही भिंतींना चिकटलेली दिसली, तर कामकरी माशाच अंडी घालत आहेत. इथे थेट राणी देणं बहुधा वाया जातं. दर आठवड्याला उघड्या पिलाव्याची (अंडी आणि झाकण न लागलेल्या अळ्यांची) एक चौकट देत राहा. नव्या राणीचीही सुरुवातीला दोन-दोन अंडी पडतात, पण ती तळाशी असतात.

विभाजन करताना, म्हणजे एका वसाहतीच्या दोन करताना, चौकटी मोजून निम्म्या केल्या, तरी माशा निम्म्या होत नाहीत. बाहेर फिरणाऱ्या माशा जुन्या जागीच परततात आणि नवी पेटी ओस पडते. पिलाव्याला ३४-३५ अंश ऊब लागते, त्यासाठी पिलाव्याच्या चौकटींवरच्या तरुण माशा नव्या पेटीत जास्तीच्या झटकून द्या, दार अरुंद ठेवा. वरचा मजला (पेटीवर ठेवायची जादा पेटी) मात्र खालच्या बहुतेक चौकटी माशांनी झाकल्यावरच चढवा.

पेट्यांमध्ये नर माशा दिसत नसतील, तर विभाजन पुढे ढकला. राणी निघेल, पण तिचं मीलन होणार नाही.