खाऱ्या वाऱ्यात अडकलेली खिडकी: माझा अनुभव

समुद्राकडे तोंड असलेली आमची अॅल्युमिनियमची खिडकी लागेनाशी झाली. बिजागरीचे स्क्रू वरून धड दिसत होते, पण भोवती पांढरी पूड साचलेली. ती पूड म्हणजे अॅल्युमिनियमचा गंज. स्टीलचा स्क्रू, अॅल्युमिनियमची चौकट आणि मध्ये खारा ओलावा, एवढं जमलं की छोटी बॅटरीच तयार होते आणि झिजतं ते अॅल्युमिनियम.

जोर लावून पिळले असते तर स्क्रूंची डोकी तुटली असती. म्हणून गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं. सकाळी आधी किंचित आवळले, कर्रकन आवाज आला, मग सुटले. भोकं ब्रशने घासून गोड्या पाण्याने धुतली, नीट वाळू दिली.

नवे स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घेतले. ३०४ स्वस्त पडतं, पण ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे मीठ त्याला सहजी खात नाही. चौकटीची झीज मात्र त्याने थांबत नाही; त्यासाठी, दोन धातू एकमेकांना टेकू नयेत म्हणून, प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनचा वायसर घातला, आट्यांना मरीन ग्रीस (खाऱ्या पाण्यात टिकणारं ग्रीस) लावलं. हे वायसर म्हणजे वैताग, बोटांतून निसटून थेट खाली!

पाऊस न लागणाऱ्या कोपऱ्यात मीठ जास्त साचतं. तिथे अधूनमधून गोड्या पाण्याचा फवारा मारतो. खिडकी आता एका बोटाने लागते.