जुनी डिझेल पिकअप सकाळी उठत नसेल तर

रात्रभर उभी गाडी सकाळी दहा-बारा सेल्फ मारल्यावर उठते आणि मग दिवसभर नीट चालते? इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप उतरवण्याची घाई नको. बहुतेक वेळा डिझेल लाइन हवा ओढत असते आणि रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरते.

फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक डिझेल पाइप जोडा. बुडबुडे दिसले की टाकीकडून एकेक जोड तपासत या. तडकलेला रबरी पाइप, सैल क्लिप, बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) दबलेले तांब्याचे वॉशर हे नेहमीचे गुन्हेगार. गळती बाहेर दिसेलच असं नाही. हवा आत जाते तिथून बहुतेकदा डिझेल टपकत नाही. वॉशर नवेच टाका, चार-दोन रुपयांसाठी जुने उलटे करून बसवू नका. मग फिल्टरचा एअर स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा.

बुडबुडे नसतील तर बॅटरी पाहा: उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली नको. हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करायला आत गरम होणारे प्लग) असतील तर तेही मीटरने तपासा.

सुट्या भागांसाठी दुकानात नुसतं मॉडेल सांगू नका. चेसिस नंबर, पंपावरच्या नंबरपट्टीचा फोटो आणि जुना नग सोबत न्या. दरवाजा, गिअरबॉक्सचं कव्हर भंगारातलं चालेल. ब्रेकचे रबर, होज, ऑइल सील कधीच नाही. सोलापूरच्या उन्हात पडून राहिलेलं रबर वरून ठीक दिसतं, वाकवलं की भेगा उघडतात.